भाड्याच्या रिपोर्टात दुसऱ्याचं इव्हिक्शन: अमेरिकेत नव्याने आलेल्यांनी काय करावं

अर्ज केला, फी भरली, पगाराच्या स्लिपा जोडल्या, क्रेडिट स्कोअरही चांगला. तरी लीजिंग ऑफिसकडून नकार येतो, आणि कारण विचारलं तर "बॅकग्राउंड चेकमध्ये इव्हिक्शन दिसतंय" एवढंच उत्तर मिळतं. तुम्हाला तर आजवर कोणी घराबाहेर काढलेलं नाही. कित्येकांचं हे अमेरिकेतलं दुसरंच घर असतं.

अशा वेळी लीजिंग ऑफिसातल्या माणसाशी हुज्जत घालावीशी वाटते. घालू नका. त्याच्या हातात काही नसतं. निर्णय बहुतेक वेळा एका तिसऱ्याच कंपनीने पाठवलेल्या रिपोर्टावरून झालेला असतो आणि तो त्याला बदलता येत नाही. भांडायचं ते त्या कंपनीशी, आणि तेही लेखी.

असं होतं कसं

अमेरिकेत इव्हिक्शन म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढण्यासाठी घरमालकाने कौंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टात लावलेला दिवाणी दावा. दावा दाखल झाला त्याच दिवशी नोंद तयार होते, निकालाची वाट बघत नाही. भाडेकरूने आठवड्याभरात थकबाकी भरली, मालकाने दावा मागे घेतला, न्यायाधीशांनी फेटाळला, तरी बऱ्याच राज्यांत दावा लागल्याची नोंद राहतेच. मुंबई-पुण्याच्या अनुभवातून आलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. तिकडे लघुवाद न्यायालयात खटला वर्षानुवर्षं चालतो आणि पुढच्या घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो. इथे भाडेकरूंची तपासणी करणाऱ्या कंपन्या कोर्टांच्या नोंदी घाऊक गोळा करून ठेवतात आणि मालकाला काही मिनिटांत रिपोर्ट देतात.

घोळ होतो तो नाव जुळवताना. इव्हिक्शनच्या कोर्ट-नोंदीत साधारणपणे भाडेकरूचं नाव आणि त्या घराचा पत्ता असतो. जन्मतारीख किंवा सोशल सिक्युरिटी नंबर बहुतेक नसतो. मग कंपनीचा संगणक नावावर जातो. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे, शहा ही आडनावं आणि त्यांच्यापुढे चार-पाच नेहमीची पहिली नावं घेतली, तर न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये त्याच नावाचा आणखी कोणीतरी सापडणारच. त्यात आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर मधलं नाव म्हणून असतं आणि दुसऱ्यावर गायब. पासपोर्टवर आडनाव आणि पहिलं नाव नीट वेगळं नसेल तर व्हिसावर 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन', म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि पुढे तेच अनेक अर्जांत पहिलं नाव म्हणून शिरतं.

दुसरा माणूस चिकटणं ही एक चूक झाली. नोंद तुमचीच असते पण चुकीची असते, असेही प्रकार आहेत: फेटाळलेला दावा अजून चालू दाखवणं, एकच केस दोन-तीनदा मोजणं, कोर्टाने सीलबंद केलेली नोंद दाखवणं, मालकाने मागितलेली रक्कम कोर्टाने मंजूर केल्यासारखी छापणं. या काही कल्पनेतल्या गोष्टी नव्हेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि सीएफपीबी (ग्राहकांच्या आर्थिक हक्कांचं रक्षण करणारी संस्था) या दोन सरकारी संस्थांनी ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू-तपासणी विभागाविरुद्ध याच स्वरूपाचे आरोप ठेवले आणि प्रकरण दीड कोटी डॉलर्सवर मिटलं. त्याआधी २०२० च्या अखेरीस अॅपफोलिओ या कंपनीने इव्हिक्शन आणि गुन्ह्यांच्या चुकीच्या नोंदींबद्दलच्या आरोपांवरून ४२.५ लाख डॉलर्स भरले होते.

हे सगळं चालतं ते १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्टखाली, म्हणजे एफसीआरए. रिपोर्ट जास्तीत जास्त अचूक असावा म्हणून वाजवी काळजी घेण्याचं बंधन हा कायदा कंपनीवर घालतो. त्यात 'ग्राहक' म्हणजे कोणतीही व्यक्ती. एच-१बी, एफ-१, एच-४ यांपैकी कोणताही व्हिसा असो की ग्रीन कार्ड, हक्क तेच. आणि इव्हिक्शन ही दिवाणी बाब आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. तेव्हा व्हिसाच्या धास्तीने गप्प बसू नका.

पायरी पहिली: नकार कागदावर घ्या

रिपोर्टावरून अर्ज नाकारला तर मालकाला 'अॅडव्हर्स अॅक्शन नोटीस' द्यावी लागते. त्यात रिपोर्ट देणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता, फोन नंबर असायला हवा, आणि हेही की ६० दिवसांच्या आत मागितल्यास रिपोर्टाची प्रत तुम्हाला फुकट मिळेल. साफ नकारच मिळायला हवा असं नाही. रिपोर्ट पाहून जास्त डिपॉझिट मागितलं, सहीला जामीनदार आणा म्हणाले, भाडं वाढवलं, तरी नोटीस द्यावीच लागते. आपल्याकडचे अनेक जण इथे "ठीक आहे, दोन महिन्यांचं डिपॉझिट देतो" म्हणून विषय संपवतात. मग तीच नोंद पुढच्या घराच्या वेळी पुन्हा समोर येते.

नोटीस तोंडी सांगितली असेल तर लगेच दोन ओळींची ईमेल टाका: अमुक तारखेला माझा अर्ज नाकारलात, कोणत्या कंपनीच्या रिपोर्टावरून ते लेखी कळवा. ही ईमेल आणि तिचं उत्तर जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी दुसरी: पूर्ण फाइल मागा

क्रेडिट स्कोअर दाखवणारं क्रेडिट कर्मासारखं अॅप उघडून काही सापडणार नाही. एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या क्रेडिट ब्युरोंनी जुलै २०१७ पासून दिवाणी निकाल नेहमीच्या क्रेडिट रिपोर्टातून काढायला सुरुवात केली. स्कोअर ७८० आणि इव्हिक्शनमुळे नकार, हे एकाच वेळी घडू शकतं ते त्यामुळेच. तुम्हाला भाडेकरू-तपासणी कंपनीची फाइल हवी. रियलपेज, सेफरेंट, रेंटग्रो, ट्रान्सयुनियनचं स्मार्टमूव्ह, अशी ही नावं. नोटिशीत जिचं नाव आहे तिच्याकडे मागणी करा आणि मालकाला दिलेला रिपोर्टच नव्हे, तर 'तुमच्याकडे माझ्याबद्दल असलेली पूर्ण फाइल' मागा.

फाइल आली की इव्हिक्शनच्या नोंदीतून इतक्या गोष्टी उतरवून घ्या: कौंटी आणि कोर्ट, केस नंबर, दावा दाखल झाल्याची तारीख, दावा लावणाऱ्याचं नाव, भाडेकरूचं नाव जसंच्या तसं, घराचा पत्ता आणि निकाल. केस नंबर नसेल तर कंपनीकडे मागा. तो मिळाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

पायरी तिसरी: कोर्टाचं मूळ दप्तर

आता तो केस नंबर कौंटी कोर्टाच्या संकेतस्थळावर शोधा. दावे कुठे लागतात हे राज्यागणिक बदलतं. टेक्ससमध्ये ते जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात असतात, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टात 'अनलॉफुल डिटेनर' या नावाने, न्यू जर्सीत लँडलॉर्ड-टेनंट विभागात. ऑनलाइन दिसलं नाही तर क्लार्कच्या ऑफिसला फोन करा. क्लार्क कायदेशीर सल्ला देत नाहीत, पण केसची प्रत कशी मिळेल ते सांगतात. थोडे पैसे भरून सर्टिफाइड प्रत घेतलेली बरी.

ही प्रत वाचल्यावर तुमचा प्रकार ठरतो. पत्ता तुम्ही कधी न पाहिलेला आहे? मग माणूस दुसरा. पत्ता तुमचाच, पण निकालात 'डिसमिस्ड' आहे आणि रिपोर्टात ते नाही? मग नोंद अपुरी. पत्ता तुमचा आणि निकालही तुमच्याविरुद्ध, पण तुम्हाला दाव्याची खबरच नव्हती? मग चूक कोर्टाच्या दप्तरातच आहे आणि रस्ता वेगळा. तो खाली सांगितला आहे.

कॅलिफोर्नियात अशा केसेस सुरुवातीपासून झाकलेल्या असतात आणि मालक ६० दिवसांत जिंकला नाही तर सहसा झाकलेल्याच राहतात. तिथली एखादी केस तुम्हाला कोर्टात सापडत नाही, पण रिपोर्टात मात्र आहे, असं असेल तर तो मुद्दाही पत्रात घाला.

पायरी चौथी: त्या तारखेला तुम्ही कुठे होतात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोर्टाच्या नोंदीत नाव आणि पत्ता एवढंच असल्यामुळे तारीख आणि पत्ता हेच तुमचं हत्यार आहे. आणि इथे नवख्या माणसाची बाजू चक्क जन्मभर इथेच राहिलेल्या माणसापेक्षा भक्कम असते. ओहायोत जन्मलेल्याला २०१९ मध्ये आपण ह्यूस्टनमध्ये राहत नव्हतो हे दाखवायला जुनी बिलं शोधावी लागतात. तुमचं येणं-जाणं सरकारने स्वतः लिहून ठेवलेलं आहे.

दावा तुम्ही अमेरिकेत येण्याआधीचा असेल तर सीबीपी या सीमा-तपासणी खात्याच्या आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) संकेतस्थळावरून प्रवासाचा इतिहास उतरवून घ्या. त्याला पहिल्या प्रवेशाच्या शिक्क्याचं पान आणि व्हिसाचं पान जोडा. केस संपली म्हणायला हरकत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचा नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करारही तारीख आणि पत्ता दाखवतो, पण तो मराठीत असेल तर भाषांतर करून घ्यावं लागेल. आय-९४ ने भागत असेल तर त्या भानगडीत पडू नका.

तुम्ही तेव्हा अमेरिकेतच होतात पण दुसरीकडे, तर त्या काळातलं लीज, विजेचं किंवा इंटरनेटचं बिल, पत्ता असलेलं डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षभराच्या पगाराचा कागद), बँकेचं स्टेटमेंट, विद्यार्थी असाल तर आय-२० (व्हिसासाठीचं प्रवेशपत्र) आणि विद्यापीठाचं पत्र. दोन-तीन चांगले कागद पुरतात, वीस पाठवून कोणी वाचत नाही. दावा दाखल झाला त्या महिन्याचाच कागद असू द्या. त्याच्या वर्षभर आधीचं बिल काही सिद्ध करत नाही.

मूळ कागद कधीच पाठवू नका. प्रतींवर बँक खात्याचे आकडे आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार सोडून बाकीचे काळे करा. सोशल सिक्युरिटी नंबरच नसेल, जसा एच-४ वरच्या अनेकांचा नसतो, तर तसं स्पष्ट लिहा. या बाबतीत ते तुमच्या फायद्याचंच आहे.

पायरी पाचवी: पत्र

पत्र इंग्रजीतच लिहायचं, पण एका पानाच्या आत. वर तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता, रिपोर्टाचा नंबर आणि तारीख. मग कोणत्या नोंदीबद्दल तक्रार आहे ते कौंटी आणि केस नंबरसह. मग चूक काय ती एका वाक्यात: ही केस माझी नाही, दावा मार्च २०१९ चा आहे, मी या देशात पहिल्यांदा ऑगस्ट २०२१ मध्ये आलो. मग मागणी: नोंद काढा, दुरुस्त रिपोर्ट मला पाठवा आणि गेल्या ६ महिन्यांत ज्यांना जुना रिपोर्ट गेला त्यांनाही दुरुस्ती कळवा. कायद्यानुसार ही शेवटची गोष्ट तुम्ही मागितली तरच ते करतात, म्हणून विसरू नका. खाली जोडलेल्या कागदांची यादी.

एवढंच. आपलं शिक्षण, कंपनीतलं पद, कुटुंबाची प्रतिष्ठा यावर परिच्छेद लिहायचा मोह होतो. टाळा. आपण सज्जन आहोत हे इथे सिद्ध करायचं नाहीये. केसमधला तो माणूस आपण नव्हे, एवढंच दाखवायचं आहे.

कंपन्या आपल्या पोर्टलवर तक्रार करायला सांगतात. ते पटकन होतं, पण तिथे ठरावीक पर्यायांवर खूण करावी लागते, कागद जोडायला कधी जागा अपुरी पडते आणि काही ठिकाणी अटींमध्ये वाद लवादाकडे नेण्याचं कलम असतं. मी पोस्टाच्या बाजूचा आहे: यूएसपीएसचं सर्टिफाइड मेल, रिटर्न रिसीटसह. पोच आली की तारीख पक्की झाली. घर लगेच हवं असेल आणि पोर्टल वापरावंच लागलं, तर भरलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तेच पत्र टपालानेही पाठवा.

मग ३० दिवस

तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने चौकशी पूर्ण करायची असते. नोंदीची खात्री करता आली नाही तर ती काढावीच लागते. चौकशी संपल्यावर निकाल ५ कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवायचा असतो. एक बारीक गोष्ट: या ३० दिवसांत तुम्ही नवे कागद पाठवलेत तर त्यांना आणखी १५ दिवस मिळू शकतात. म्हणून सगळं एकदम पाठवा, हप्त्याहप्त्याने नको.

नोंद निघाली तर दुरुस्त रिपोर्टाची प्रत पाहिल्याशिवाय सुटकेचा श्वास सोडू नका. एकाच केसच्या तीन नोंदी असतील तर एक काढून दोन ठेवल्याचं दिसू शकतं. काढलेली नोंद नंतर परत घातली तर तसं ५ कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

उत्तर "व्हेरिफाइड" असं आलं तर खात्री कशी केली, कोणाकडे चौकशी केली, हे लेखी मागा. ते त्यांना १५ दिवसांत द्यावं लागतं. अनेकदा कळतं की त्यांनी ज्या विक्रेत्याकडून नोंद घेतली त्यालाच परत विचारलं आणि त्याने मान डोलावली. हे उत्तर हातात आलं की पुढच्या तक्रारीला धार येते. फाइलमध्ये आपली बाजू मांडणारं छोटं निवेदन जोडण्याचाही हक्क आहे. तो कमकुवत उपाय आहे. संगणकाने दिलेला नकार निवेदन वाचून बदलत नाही.

पुढची पायरी सीएफपीबीच्या संकेतस्थळावर तक्रार आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार. दोन्ही फुकट. तरीही हलले नाहीत तर वकील. एफसीआरएच्या केसेस घेणारे वकील सहसा आधी पैसे मागत नाहीत, कारण तुम्ही जिंकलात तर त्यांची फी कंपनीला भरावी लागते. नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्युमर अॅडव्होकेट्सच्या यादीत असे वकील सापडतात. चूक कळल्यापासून दोन वर्षांत दावा लावायला हवा.

जपून ठेवायला सांगितलेली ती नकाराची ईमेल इथे कामी येते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ या खटल्यात, जो खटलाही मुळात केवळ नाव जुळवण्यातूनच उद्भवला होता, असं ठरवलं की चुकीची नोंद ज्यांच्याबाबत तिसऱ्याकडे गेली त्यांनाच नुकसानभरपाईसाठी फेडरल कोर्टात उभं राहता येईल. फाइलीत नुसती पडून राहिलेली चूक पुरत नाही. तुमचा रिपोर्ट मालकाकडे गेला आणि त्यावरून घर नाकारलं गेलं, हे ती ईमेल दाखवते.

आगाऊ पैसे घेऊन "रेकॉर्ड साफ करून देतो" म्हणणाऱ्या क्रेडिट रिपेअर कंपन्यांपासून लांब राहा. काम पूर्ण होण्याआधी पैसे घेणं त्यांना कायद्याने मना आहे, आणि वरचं सगळं तुम्ही टपालखर्चात करू शकता.

चूक कोर्टातच असेल तर

आपल्या मुलांच्या बाबतीत हे हमखास घडतं: चौघांनी मिळून अपार्टमेंट घेतलं, एकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तो निघून गेला, पण लीजवर नाव तसंच. उरलेल्यांनी भाडं थकवलं. मालकाने लीजवरच्या सगळ्यांवर दावा लावला, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि गैरहजेरीत निकाल लागला. रिपोर्ट कंपनीच्या दृष्टीने ही नोंद अचूक आहे. तिच्याकडे कितीही पत्रं पाठवली तरी उपयोग नाही.

इथे त्या कोर्टातच निकाल रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. नोटीस आपल्याला मिळालीच नाही आणि दाव्याच्या वेळी आपण तिथे राहत नव्हतो, हे मुद्दे त्यात येतात. मुदती कमी असतात, त्यामुळे कळल्याबरोबर कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरला किंवा स्थानिक लीगल एडला गाठा. मालकाशी बोलणंही वाया जात नाही. थकबाकीचा तुमच्याशी संबंध नव्हता हे त्याला मान्य असेल तर त्याच्या वकिलाकडून संयुक्त अर्ज होऊ शकतो, आणि न्यायाधीशाला ते सोपं जातं. इलिनॉयमध्ये काही परिस्थितीत न्यायाधीश फाइल सीलबंद करू शकतात. वॉशिंग्टन राज्यात रिपोर्ट कंपन्यांनी केस दाखवू नये असा आदेश मिळू शकतो. आदेश मिळाला की त्याची सर्टिफाइड प्रत घेऊन वरच्या पाचव्या पायरीला परत या.

लीजमधून बाहेर पडताना "माझं नाव कमी केलं" हे मालकाच्या सहीने घ्या. रूममेटने व्हॉट्सअॅपवर "काळजी करू नको" म्हणणं म्हणजे नाव कमी होणं नव्हे.

दरम्यान घर तर हवंच

महिनाभर थांबणं सगळ्यांना परवडत नाही. मोठ्या कॉम्प्लेक्सऐवजी एकटा-दुकटा घरमालक शोधा, तो कागद वाचतो. अर्जाची फी भरण्याआधी स्वतःहून सांगा की एक चुकीची नोंद आहे, तिच्यावर तक्रार चालू आहे, आणि कोर्टाची प्रत, आय-९४ व तक्रारीची पोच दाखवा. आधीच्या घरमालकाचं पत्र असेल तर उत्तम. कोणत्या कंपनीकडून तपासणी करता हेही विचारा. तीच कंपनी असेल तर फी वाचवा आणि निकाल येईपर्यंत दुसरीकडे अर्ज करा.

न्यूयॉर्क राज्यात तुमची बाजू जरा मजबूत आहे. २०१९ च्या कायद्यानंतर तिथे पूर्वी कोर्टात घरभाड्याची केस झाली होती एवढ्यावरून अर्ज नाकारता येत नाही, आणि तपासणीसाठी २० डॉलर्सपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

शेवटचं काम घर मिळाल्यानंतरचं. एका कंपनीने नोंद काढली म्हणजे ती सगळीकडून गेली असं होत नाही. प्रत्येकीचा साठा वेगळा. सीएफपीबीच्या संकेतस्थळावर अशा कंपन्यांची यादी आहे. त्यातल्या देशभर काम करणाऱ्या भाडेकरू-तपासणी कंपन्यांकडून वर्षातून एकदा स्वतःची फाइल फुकट मागता येते. लीज संपायच्या तीन-चार महिने आधी मागवा, आणि तीच नोंद तिथेही दिसली तर तेच पत्र, तेच कागद, फक्त वरचा पत्ता बदलून.